डावा कौल

देवीनं मला एकदा स्पष्ट उत्तर दिलं होतं आणि मी ते उलटं समजून रडत बसले होते. एवढी शहाणी सून वेल्ह्याच्या खोऱ्यात दुसरी झाली नसेल.

मी मूळची भाटघरची. लहानपणी तापात उजवा पाय लुळा पडला, म्हणून लग्न उशिरा, पंचविशीत जमलं. नवरा वेल्ह्याकडचा, भातशेती करणारा, कमी बोलणारा. सासरी आले आणि मी माझं अंथरूण सासूच्या शेजारी टाकलं. पाय जरा तिरका पडला की असा पेटका यायचा की जीव जायचा. यांच्याजवळ गेले आणि नेमका तेव्हाच आला तर? हा वाळका पाय यांनी उघडा पाहिला तर? शिवाय माहेरच्या एका शेजारणीनं भरवून दिलं होतं की असलाच पाय पोरालाही येतो. हे विचारायचं कुणाला? आईशीसुद्धा असलं बोलायची सोय नव्हती. सासू भांगलणीच्या बायांना हसत म्हणायची, "आमची सून माझ्याच कुशीत नांदाया आलीया." पण दिवाळीला मला माहेरी धाडायचं आणि परत आणायचं नाही, हे तिचं माझ्या दिराशी चाललेलं बोलणं मी ऐकलं होतं.

म्हणून डोंगरावरच्या देवीला कौल लावला. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. प्रश्न मनात धरला तरी चालतो, हे माझ्यासारखीला बरंच. मी मनात म्हटलं, "आई, मी भिते तसंच होणार ना?" डावं पडलं. डावं म्हणजे वाईट, एवढंच माझ्या डोक्यात. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

तेवढ्यात खालून एक बाई आली. दोन्ही पाय लुळे. हात टेकत, बसत बसत पायऱ्या चढत होती. किकवीची म्हणाली. नवरा मागं नारळ घेऊन, दोन पोरं केव्हाच वर पळालेली. ती माझ्याजवळ दम खायला थांबली, माझा पाय पाहिला आणि म्हणाली, "नवऱ्यानं टाकलं व्हय?"

"न्हाई. मीच लांब निजते."

मग अनोळखी बाईला मी सगळं कसं सांगितलं, मला आजही ठाऊक नाही. तिनं माझा प्रश्न मला पुन्हा म्हणायला लावला.

"आन् पडलं कुठलं?"

"डावं."

"मंग देवी न्हाई म्हणली की गं, येडे. भितीस तसं व्हणार न्हाई." मग तिनं नवऱ्याला जरा लांब उभं राहायला सांगितलं आणि भाजीची कृती सांगावी तसं सांगितलं, "कुशीवर निजायचं. गुडघ्याखाली गोधडीची घडी घालायची. पेटका आला तर थांबा म्हणायचं, माणूस थांबतो. न्हाई थांबला तर तवा रड. आन् तापानं गेल्याला पाय पोराला लागत न्हाई. माझंबी तापानंच गेलं, आन् माझी पोरं बघ, हाताला घावत न्हाईत. भोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला इचार, ती लाजत न्हाई."

नर्सबाईंनीही पुढं तेच सांगितलं, वर पाय शेकायलाही शिकवलं. ती किकवीची बाई मात्र पुन्हा दिसली नाही. ती कोण, यावर मी कधी वाद घालत नाही. किकवीची म्हणाली, किकवीचीच असेल. पण त्या घटकेला त्या पायरीवर तिला जिनं आणून बसवलं, त्या आईला मी रोज हात जोडते. ओझं तिच्या पायाशी ठेवलं की ते उचलायला ती कुणाला तरी धाडते. आपण फक्त तोंड उघडायचं असतं.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी खाचराच्या बांधावर, खाली मान घालून, मी यांना सगळं सांगितलं. पायाचं, पेटक्याचं, पोराचं. हे विळा खाली ठेवून माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, माझ्या तोंडाला वास येतो म्हणून लांब निजतीस. म्या तर कवाची तंबाखू सोडलीया."