ओताओत न करणारे भाऊजी

चार ठिकाणच्या चार गोष्टी आधी एका जागी आणून ठेवायच्या आणि मग पुढे पाठवायच्या, ही साऱ्या मनुष्यजातीची वाईट खोड आहे असं मानणारा आणि त्या खोडीविरुद्ध एकट्यानं उभा राहिलेला माणूस मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या ताईचा थोरला दीर निघाला. ताई त्यांना भाऊजी म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. पुढे मी त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले, तिथेही सवयीनं तोंडातून तेच निघायचं, आणि महिन्याभरात ऑफिसातले सगळे, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले आमचे मालकसुद्धा, त्यांना भाऊजी म्हणू लागले. भाऊजींना याचं काहीच वाटलं नाही. हाक पोचल्याशी त्यांना कारण होतं, ती कोणत्या नात्यानं निघाली याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

ऑफिस उस्मानपुऱ्यात, औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते दिसेल त्या दिशेला वाढत होतं. बायपासच्या पलीकडे रोज एक नवी इमारत उभी राहायची आणि तिच्या जाहिरातीत पाणी सोडून बाकी सगळं असायचं. आमचं काम होतं एका संगणकातली माहिती दुसऱ्या संगणकाकडे पाठवायचे प्रोग्राम लिहिण्याचं. पाठवायची माहिती संगणकाच्या मेमरीत वेगवेगळ्या भांड्यांत असते, त्यांना आम्ही बफर म्हणतो. नवशिका माणूस काय करतो, तर चारही भांडी एका मोठ्या भांड्यात ओततो आणि ते मोठं भांडं पाठवतो. भाऊजींच्या लेखी हे पाप होतं. त्यांची पद्धत अशी की भांडी जिथल्या तिथे राहू द्यायची आणि संगणकाला फक्त यादी द्यायची: आधी इथलं एवढं उचल, मग तिथलं तेवढं, मग पलीकडचं. तो क्रमानं उचलतो, एका दमात लाइनवर सोडतो आणि पलीकडच्याला एक सलग ओळ मिळते. चार भांडी होती हे त्याला कळतही नाही. "ओताओत करायची कशाला? यादी द्यावी आणि बाजूला व्हावं," असं ते म्हणायचे. बाजूला मात्र ते कधीच व्हायचे नाहीत.

हे एवढं ऑफिसपुरतं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. त्यांच्या घरी नळाला कधी चौथ्या दिवशी पाणी यायचं, कधी सहाव्या. गल्लीत सगळे मिळेल त्यात भरून घेत आणि मग ते मोठ्या ड्रममध्ये रिकामं करत. भाऊजींकडे ड्रमच नव्हता. हंडे, टोप, बादल्या, दोन प्रेशर कुकर आणि सरबताच्या बाटल्या अशी सारी फौज स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत ओळीनं उभी असायची, आणि पाणी वापरायचं ते ओळीनंच. पाहुणा आंघोळीला गेला की भाऊजी दाराबाहेरून सांगायचे, "पाचवा हंडा निम्मा आहे. तिथून सुरू करा, मग सहावा." एका पाहुण्यांनी बेसावधपणे सातव्याला हात घातला, तेव्हा भाऊजी दिवसभर त्यांच्याशी तुटक बोलत होते. भाऊजींची बायको, आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, "अगं, माहेरी मी विहिरीवरून पाणी आणायचे, ते सोपं होतं." पण टंचाईच्या वर्षी आमच्या ओळखीत पाणी कुणाला पुरलं असेल तर त्यांनाच पुरलं, हेही खरं. ओतताना सांडतं ते त्यांच्याकडे सांडतच नव्हतं.

जेवणाचंही तेच. त्यांचा डबा पाच छोट्या डब्यांचा. ताटलीत काढून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडून ते एकेका डब्याशी जात, ठेचा, पिठलं, कांदा, या क्रमानं, आणि सगळं शेवटी पोटातच एक होणार आहे तर आधी ताटलीत कशाला, असं विचारत.

ताईच्या लग्नाचं वऱ्हाड त्यांनीच आणलं होतं. वऱ्हाड शहरातून निघून आमच्या गावी, देवगाव रंगारीला यायचं होतं. रीत अशी की सगळ्यांनी आधी मारुतीच्या देवळापाशी जमायचं, तिथे दोन तास कुणाची तरी वाट बघायची, आणि मग निघायचं. भाऊजींनी जमणंच रद्द केलं. मेटॅडोरच्या ड्रायव्हरच्या हातात चार घरांची यादी दिली आणि प्रत्येक घरच्यांना दारात तयार उभं राहायला सांगितलं. तिसऱ्या घराशी दोन माणसं चढली आणि ड्रायव्हर म्हणाला, "साब, गाडी फुल हो गई." भाऊजींनी शांतपणे कागदावर लिहिलं: तिसरं घर, दोन गेले. दुसरी गाडी आली ती पहिल्या घरी गेली नाही की चौथ्याही घरी गेली नाही, ती थेट तिसऱ्या घराच्या तिसऱ्या माणसाशी येऊन थांबली. हा तिसरा माणूस म्हणजे नवरदेवाची मावशी. तिचा नवरा पुढच्या गाडीतून गेला होता, आणि त्याच्याच खिशात तिचं तपकिरीचं डबडं होतं. मावशी पंगत उठेपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. पण आमच्या गावात वेळेवर पोचलेलं ते पहिलंच वऱ्हाड. आमच्याकडच्या कुणाची आंघोळही उरकली नव्हती.

मावशींच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते त्यांच्या शास्त्रातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम होतं. यादी दिली म्हणजे सगळं गेलं असं नसतं. लाइन कधी दोन भांडी घेते आणि तिसऱ्याच्या मध्येच थांबते. किती गेलं ते तीच सांगते, फक्त विचारावं लागतं, आणि नेमकं तिथूनच पुढे धरावं लागतं. भाऊजी माणसांशीही असंच वागत. मला काही सांगताना मध्येच फोन आला तर ते तोडलेल्या शब्दाची खूण मनात ठेवत. एकदा त्यांच्या मित्राच्या भांडणाची हकिकत अर्धी राहिली. तीन आठवड्यांनी मला जिन्यात गाठून ते म्हणाले, "सासूनंच कुलूप लावलं होतं." सुरुवात मला आठवत नव्हती आणि पुन्हा सांगायला ते तयार नव्हते. ती एकदा पोचली आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग तो वाईट उन्हाळा आला. गावोगावच्या टाक्यांत किती पाणी उरलं आहे ते रोज सकाळी शहरात कळावं आणि त्याप्रमाणे टँकर सुटावेत, अशी एक योजना निघाली आणि तिचं काम आमच्या ऑफिसला मिळालं. गावातल्या पंचायतीतला माणूस संगणकावर तीन गोष्टी भरायचा: माणसं आणि जनावरं मिळून आकडा, टाकीतलं पाणी किती सेंटीमीटर, आणि शेवटी काही सांगायचं असल्यास शेरा. आधी गावाचा क्रमांक आपोआप लागायचा. म्हणजे चार भांडी. ती पाठवायचा भाग भाऊजींनी माझ्यावर सोपवला. "किती गेलं ते बघ आणि तिथूनच पुढं धर," एवढंच म्हणाले. मी यादी दिली, किती गेलं तेही विचारलं. पण लाइन एखाद्या भांड्याच्या मध्ये थांबली तर मी ते भांडं पुन्हा पहिल्यापासून पाठवत होते. मला वाटलं, अर्धवट राहिलेलं पुन्हा सगळं दिलं तर उलट जास्त नीट पोचेल. ऑफिसातली लाइन इतकी चांगली होती की ती कधी मध्ये थांबलीच नाही, आणि मी शहाणी ठरले.

खुलताबादच्या पलीकडे डोंगरात एक गाव आहे. तिथली लाइन रोज अडखळायची. त्या गावाचा आकडा होता ०९४० आणि पाणी होतं ००६, म्हणजे तळाचा गाळ. ०९ गेलं आणि लाइन थांबली. माझ्या प्रोग्रामनं मोठ्या निष्ठेनं ०९४० पुन्हा पहिल्यापासून पाठवलं, मग ००६. शहरातला संगणक मोजून घेत होता: गावाच्या क्रमांकानंतरचे पहिले चार अंक माणसं-जनावरं, पुढचे तीन पाणी. त्यानं ०९०९ घेतले आणि पाण्याच्या जागी ४०० वाचलं. चारशे सेंटीमीटर म्हणजे टाकी काठोकाठ. त्या गावाचा टँकर बंद झाला.

तिसऱ्या दिवशी पंचायतीत संगणक सांभाळणाऱ्या सुनंदाबाईंचा फोन आला. तो मी घेतला. "म्याडम, टँकर आमच्या फाट्यावरनं पुढं जातोय, थांबत नाय," त्या म्हणाल्या. मी समोर बघून म्हणाले की इथे तर तुमची टाकी भरलेली दिसते. मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं दिसतीय व्हय? मग तुमच्याकडनंच पाठवा."

भाऊजींनी माझा प्रोग्राम उघडला. दहा मिनिटांत त्यांना ती ओळ सापडली. रागावले नाहीत. टँकरचं वाटप बघणाऱ्या साहेबांना त्यांनी फोन केला, टँकर निघाल्याची खात्री करून घेतली आणि मला म्हणाले, "चल." त्यांच्या स्कूटरवर घाट चढून आम्ही पोचलो तेव्हा टँकर रिकामा होत आला होता. पंचायतीच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं बसली होती. भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझ्या हातून झाली. टाकी रिकामी होती, ती आम्हाला भरलेली दिसली." मी त्यांच्या मागे उभी होते. चूक माझी आहे असं म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

कुणी आरडाओरडा केला नाही. सुनंदाबाई तेवढ्या पुढे आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात पंचायतीच्या किल्ल्या. "मी खाली शेरा लिवला व्हता भाऊ. तिन्ही दिवस. पाणी नाय, लवकर पाठवा. त्यो पोचला नाय का?"

"पोचला," भाऊजी म्हणाले.

"सगळा?"

"सगळा."

"मग कुणी वाचला नाय का?"

खरं होतं ते. शेरा अक्षर न सांडता पोचला होता, चारशेनंतर उरलेल्या ०६ला चिकटून पडदाभर दिसत होता, आणि आकडा मिळाल्यावर शेरा वाचणं कुणाच्या कामात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सातला ऑफिसात येऊन सगळ्या गावांचे शेरे वाचायला लागले. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेऱ्यांत काहीही असायचं. मोटर जळाली. टँकरवाला उर्मट हाय. चावी गुरुजींकडं आणि गुरुजी लग्नाला. भाऊजी एकेका गावाला फोन लावायचे, आणि गुरुजी लग्नाहून आले का हे दुसऱ्या दिवशी न विसरता विचारायचे. मालक वैतागले, पण भाऊजींना थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. पुढे पावसानं बरं तोंड दाखवलं, योजना दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि त्या कंपनीनं नव्या प्रोग्राममधून शेऱ्याची जागाच काढून टाकली. आमचं ऑफिस बंद पडलं. आता तिथे इंग्रजी बोलायला शिकवतात. मी पुण्याला आले.

मागच्या उन्हाळ्यात ताईकडे गेले होते, तेव्हा सकाळीच भाऊजींकडे डोकावले. केस सगळे पांढरे झाले आहेत. सातच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी वही पुढे ओढली. पलीकडून सुनंदाबाई टाकीचं पाणी सांगत होत्या. इतकी वर्षं त्या दर सोमवारी सांगतात, हे मला तेव्हा कळलं. "हे कुणाला पाठवता?" मी विचारलं. "कुणालाच नाही. त्या सांगतात, मी लिहितो," भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि इतकी वर्षं राहून गेलेलं सांगून टाकलं. म्हटलं, बाई, तेव्हाची ती चूक भाऊजींची नव्हती, माझी होती.

"ते तीन दिस लई वंगाळ गेले म्याडम," सुनंदाबाई म्हणाल्या. "माझी म्हैस गेली त्यात. गाभण व्हती. त्यांनी तुमाला सांगितलं नसंल."

मी भाऊजींकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. घेतलेलं काहीही पुरतं पोचवल्याशिवाय न राहणाऱ्या या माणसानं एवढी एक गोष्ट माझ्यापर्यंत येऊ दिली नव्हती.

"म्याडम, हायसा ना?" सुनंदाबाई म्हणाल्या. "ल्ह्या मग. टाकी निम्मी हाय."

मी वही माझ्याकडे ओढली आणि लिहिलं.