निर्व्यसनी माणसाचं ऑपरेशन

"मॅडम, सात नंबरचे काका बेडवर द्राक्षं तोडताहेत."

मंगळवारी सकाळी नऊला सिस्टरचा फोन. मी भूलतज्ज्ञ. पेशंटला भूल देते, ऑपरेशनभर त्याचा श्वास आणि नाडी सांभाळते, आणि त्याला धडपणी परत आणते. ऑपरेशन छान झालं की सर्जनला पेढे, काही बिनसलं की 'भूल जास्त झाली.' नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं हेच चाललंय.

वर गेले. सात नंबरचे नाना म्हणजे पिंपळगावचे द्राक्षबागायतदार, वय छप्पन्न. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला पॅकहाउसच्या पायऱ्यांवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. रविवारी आम्ही आत रॉड घातला. सोमवारी माणूस चहात बिस्कीट बुडवून खात होता. आणि आज सलाइन उपटून, घामानं डबडबून, दोन बोटांची कात्री करून हवेतले घड कापत होता. "अय, साइज बघ ना साइज! क्रेट आण लवकर!" हात लटलट कापत होते, नाडी एकशे चाळीस. ताज्या ऑपरेशनच्या पायावर उभं राहायची धडपड चालली होती आणि दोन वॉर्डबॉय अंगावर पडून त्यांना धरत होते.

"भूल उतरली नाय का अजून?" नानांचे धाकटे भाऊ आप्पा म्हणाले. बघा, सुरुवात माझ्यापासूनच.

"कमरेखालचीच भूल होती आप्पा. ती रविवारीच उतरली."

"मग ह्यानंच काय तरी चारलं!" आप्पांनी नानांच्या मुलाकडे बोट केलं. "रात्री हाच होता जवळ. चहात गांजाची गोळीबिळी घातली असंल. गंजेडी कुठला! पोलिसाला बोलवा मॅडम, आधी ह्याला आत टाका."

मुलगा ओंकार, तेवीस वर्षांचा. पुण्याला शिकताना गांजा ओढताना सापडला होता. हे मला ठाऊक होतं. सगळ्या मजल्याला ठाऊक होतं, कारण घरच्यांनी नानांच्या रक्तगटाआधी तेच सांगितलं होतं. पोरगं भिंतीला टेकून उभं होतं.

आता रविवारचं सांगते, आणि सांगताना माझीच मान खाली जाते.

ऑपरेशनच्या आधी मी पेशंटला काही प्रश्न विचारते. दमा आहे का, बीपी आहे का, शेवटचं कधी जेवलात, दारू, तंबाखू. खोलीत नऊ माणसं होती. आपल्याकडे पेशंटला एकट्याला सोडणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. त्या नऊ जणांत निफाडचे पाहुणेही होते. नानांच्या मुलीची सोयरीक तिथं ठरत आली होती आणि नवऱ्या मुलाचे वडील मुद्दाम भेटायला आले होते. आणि मी, सत्तावीस वर्षांच्या अनुभवाची बाई, होणाऱ्या व्याह्यांसमोर नानांना खणखणीत आवाजात विचारलं, "दारू घेता का?"

"छे छे! सुपारीचं खांडसुद्धा नाय."

नऊच्या नऊ माना हलल्या. व्याह्यांची सगळ्यात जोरात. "निर्व्यसनी घराणं हाय," आप्पा म्हणाले, "एवढा एक दिवटा सोडला तर." लिव्हरचा रिपोर्ट जरा वर होता. वेदनेच्या गोळ्यांनी झाला असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

बाहेर पॅसेजमध्ये ओंकारनं मला गाठलं. "मॅडम, पप्पा रोज घेतात. संध्याकाळी एक क्वार्टर. सीझनला दोन."

मी त्याचे लाल डोळे पाहिले. "तू आज ओढलायस का?"

"हो. सकाळी."

"मग आधी स्वतःचं बघ," मी म्हणाले आणि निघून गेले. लिहिलं काय? सवयी: नाही. नऊ सभ्य माणसं खोटं बोलली ती मला खरी वाटली, आणि एक गंजेडी खरं बोलला तो खोटा.

म्हणूनच मंगळवारी मी आधी त्याच्याकडे वळले. "ओंकार, शेवटची कधी घेतली होती त्यांनी?"

"शनिवारी. पडायच्या जरा आधी."

म्हणजे बासष्ट तास. मी काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "काकू, नानांचा जीव धोक्यात आहे. रोज घेतात ना?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "पाहुणे होते ना हो समोर! काय सांगणार?" मला त्यांचा राग नाही आला. माझाच आला. असला प्रश्न कुणी व्याह्यांसमोर विचारतं?

आम्ही बाहेर आलो तोच नानांना फिट आली. सगळं शरीर ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मी फिट थांबवायचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि आमची वरात आयसीयूत गेली.

सर्जन, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, धावत आले. "हाड मोडल्यावर चरबीचे कण फुप्फुसात, मेंदूत जातात, ते तर नसेल?"

"तेही तपासतेच सर, सोडियमही पाठवलंय. पण हे दारू एकदम बंद झाल्याचं आहे. रोजची क्वार्टर. मी रविवारी चुकीचं लिहिलं."

"अरे बापरे! पण क्वार्टरनं एवढं? एखादा पेग तर हार्टला चांगला असतो म्हणतात."

ह्यांच्या केबिनमध्ये पेशंटनं दिलेल्या वाइनच्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात. नाशकात वाइनला दारू म्हटलं तर लोक दुखावतात. म्हटलं, "सर, हार्टसाठी म्हणून प्यायला लागा, असं आज कुठला शहाणा डॉक्टर सांगत नाही. थोडी घेतली तरी कॅन्सरचा धोका वाढतोच. लिव्हरचं तर सांगायलाच नको." साहेब एक्स-रे बघायला गेले.

आप्पा मात्र हटेनात. "मॅडम, तीन दिवस एक थेंब नाय पोटात. दारू न पिल्यानं कुणी आजारी पडतं का? उगा काय!"

"आप्पा, दारू मेंदूला रोज ब्रेक लावते. मग मेंदू ॲक्सिलरेटर दाबूनच ठेवायला शिकतो. वर्षानुवर्षं. ब्रेक अचानक काढला की गाडी सुसाट. भास होतात, फिट येते, हृदयाचे ठोके बिघडतात. माणूस जातो. रविवारी खरं सांगितलं असतंत तर पहिल्याच दिवसापासून गोळ्या चालू करता आल्या असत्या."

"आणि गांजा बंद केला तर?"

"चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. जीव सहसा जात नाही."

आप्पांचा चेहरा पडला. अन् ओंकारचा उजळला! "बघा काका! मी म्हणतच होतो. नॅचरल आहे, झाडाचा पाला. महादेवाचा प्रसाद!"

"अरे गाढवा," मी म्हटलं, "धोत्राही झाडालाच येतो आणि महादेवालाच वाहतात. खाऊन बघतोस? तुझ्या वयात मेंदू अजून घडतोय. रोज ओढून लक्ष लागत नाही, आठवण राहत नाही. काहींना तर वेड लागल्यासारखे भास सुरू होतात आणि कुणाला होतील ते आधी कळत नाही. सवयही लागते. सकाळी ओढल्याशिवाय दिवस सुरू होत नाही ना तुझा? धूर फुप्फुसात जातो तो वेगळाच. उद्या तुझं ऑपरेशन निघालं तर तुझी नाडी आणि माझी औषधं दोन्ही मला नाचवतील."

"मग दोघांत वाईट कोण?" आप्पांनी शेवटचा डाव टाकला.

"मला काय दोन स्थळांतून एक पसंत करायचंय का? दारू दुकानात मिळते म्हणून ती औषध होत नाही, आणि गांजा झाडाला येतो म्हणून त्याची पालेभाजी होत नाही. तुमच्या भावाला आज दारूनं लोळवलंय. आज तिच्याबद्दल बोला."

चार दिवस आम्ही नानांना झोपेच्या औषधांवर ठेवलं, बी-वन जीवनसत्त्व शिरेतून दिलं, हातपाय मऊ पट्ट्यांनी बांधून ठेवले. दोनदा वाटलं, गेला माणूस. काकू काचेपलीकडे उभ्या असायच्या आणि ओंकार खाली मेडिकलला पळत असायचा. त्या नऊ जणांतलं बाकी कुणी फिरकलं नाही.

नाही, एक आले. निफाडचे होणारे व्याही. गुरुवारी गुपचूप ओपीडीत आले, दार लावून घेतलं. मला वाटलं, सोयरीक मोडतेय. तर म्हणाले, "मॅडम, नानांचं कानावर आलं. पुढच्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन हाय. मलापण रोज दोन पेग लागतात. तिकडच्या डॉक्टरांना सांगून ठेवू का? आणि हे, नानांना नका सांगू. लय साधी माणसं हायेत ती."

हसू दाबता दाबता माझे डोळे भरून आले. नक्की सांगा, म्हटलं. बंद दाराआड विचारलं असतं तर नानाही मला हेच बोलले असते.

शनिवारी नाना शुद्धीवर आले. रॉड जागच्या जागी होता. मी ओंकारची माफी मागितली, नीट, सगळ्या सिस्टरांसमोर. "चिल, मॅडम," तो म्हणाला, आणि मग हळूच, "तुमच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांचा नंबर मिळेल का? माझ्यासाठी." दिला.

आता माझ्याकडे तपासणी म्हणजे आधी सगळे नातेवाईक खोलीबाहेर. मग मी 'घेता का' विचारत नाही, 'रोज किती' विचारते. आणि खरं कुणी सांगितलं तर त्याचे डोळे कुठल्या रंगाचे आहेत ते बघत नाही. एवढं शिकायला मला सत्तावीस वर्षं आणि एक फिट लागली.

डिस्चार्जच्या दिवशी नानांना समोर बसवून सगळं समजावलं. व्यसनमुक्तीची चिठ्ठी हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि शांतपणे ओंकारच्या खिशात ठेवली.

"मॅडम, मला कशाला?" नाना म्हणाले. "दहा दिवस झाले, थेंब नाय घेतला. व्यसन असतं तर राहिलो असतो का?"