मुसफ्फा विभागाची दोन मिनिटं

परबचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. ते अडगळीसारखे घरात साठत गेले. मी घरी येऊन चिडचिड करत सांगायचो, आणि सुनंदा, माझी बायको, हसायची. या उन्हाळ्यात ती गेली. शोकसभा ठरली तेव्हा माझी एकच अपेक्षा होती : तिथे तरी या माणसाने तट पाडू नयेत.

*

आमचं मंडळ दुबईतल्या अल मनखूलचं. परब अबूधाबीजवळच्या मुसफ्फात साइट सुपरवायझर. गणपतीला तो पंधरा माणसं घेऊन दीड तास गाडी हाकत यायचा, तोवर आरती झालेली!

"आम्ही पोचेपर्यंत सगळं खलास! आम्ही काय नुसते प्रसादाचे धनी? आमचं मंडळ वेगळं!"

सुनंदा म्हणाली, "परबभावजी, चूल वेगळी मांडा. मसालेभात कोण करणार?"

"तो तुम्हीच, वहिनी."

पुढे दोन वर्षं गणपती दोन, मसालेभात एक. पातेली गाडीत चढवून कंबर माझी गेली!

*

तिसऱ्या वर्षी परबच्या मंडळातली, मुसफ्फाशेजारच्या मोहम्मद बिन झायद सिटीची कुटुंबं म्हणाली, "आम्हीही वेगळं मंडळ काढतो."

परब कडाडला, "फुटीरपणा खपवून घेणार नाही!"

*

शेवटी आमचे सेक्रेटरी केळकर यांनी तोडगा काढला. मंडळ एकच, पण मुसफ्फा विभागाचा निवडून आलेला प्रतिनिधी. उमेदवार एकटा परब, तरी त्याने चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यायला लावलं. विरोधात एक चिठ्ठी निघाली.

"गद्दार कोण?" तो महिनाभर शोधत होता. मलाही फोन!

मी घरी वैतागून सांगितलं, तर सुनंदा कांदा चिरत म्हणाली, "मी. सगळ्यांनीच हो म्हटलं की माणूस बिघडतो."

"पण तू कुठे मुसफ्फाची?"

"मसालेभात पोचतो ना!"

*

निवडून आल्यावर त्याचा पहिला ठराव : उशिरा येणाऱ्यांसाठी आरती थांबणार नाही! खोर फक्कानचे लोक गयावया करू लागले, "साहेब, आम्ही लांबून येतो."

"वेळ म्हणजे वेळ!"

मी कपाळाला हात लावला.

*

शोकसभेला दोन्हीकडची मंडळी आली. केळकर म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

परब म्हणाला, "मुसफ्फा विभागाची दोन मिनिटं वेगळी."

मी मान खाली घातली. इथेही!

केळकरांनी वाद टाळला. दुबईकर उभे राहिले, दोन मिनिटांनी बसले. मग परब आणि त्याची माणसं उठली. दोन मिनिटं झाली. तीन झाली. पाच झाली.

केळकरांनी घड्याळ पाहिलं. हळूच म्हणाले, "परब, वेळ म्हणजे वेळ."

परबने डोळे उघडले नाहीत.

"तुमची झाली असेल, केळकर."