टूलबॉक्स टॉकमध्ये मोडलेला घोटा

दत्ताराम घोटा धरून यार्डातल्या वाळूत बसला होता आणि कुरियनसाहेब मला विचारत होते, "पाटणकर, शुक्रवार को खेलेगा ना ये?"

तो मंगळवार होता. शुक्रवारी फायनल. आखातातल्या मुसफ्फा या औद्योगिक वस्तीतल्या कंपन्यांची दर हिवाळ्यात फुटबॉल लीग चालायची. आमचं पाइप आणि टाक्या बनवायचं यार्ड. मी तिथला सेफ्टी ऑफिसर, आणि हौसेनं टीमचा मॅनेजरही. त्या सीझनला आम्ही सहापैकी पाच मॅच मारल्या होत्या. त्यातले निम्मे गोल चिपळूणकडच्या या दत्ताराम फिटरचे. कामगारांच्या कॅम्पवर जेवताना पोरं दुसरं काही बोलतच नसत.

आता माझी करामत ऐका. प्रॅक्टिसला वेळ मिळेना, कॅम्पवर पोचेपर्यंत अंधार पडायचा. मग मी डोकं चालवलं. काम सुरू करण्याआधी कामगारांना पंधरा मिनिटं धोके समजावून सांगतात, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. टीमची पोरं त्या पंधरा मिनिटांचा अर्धा तास करून गेटमागच्या वाळूत खेळायची आणि मी रजिस्टरमध्ये लिहायचो, 'विषय: हातापायांची काळजी'. सही माझीच. कुरियनसाहेब यार्ड मॅनेजर. त्यांना सगळं ठाऊक होतं, ते नुसते हसायचे.

म्हणजे कागदोपत्री दत्तारामचा पाय सेफ्टीच्या लेक्चरमध्ये दुखावला होता.

त्यात गेटवर एक बोर्ड होता: अपघाताविना किती दिवस झाले. कामावर दुखापत झालेला माणूस दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आला नाही, की आकडा शून्य. आमचा आकडा तीनशे अठ्ठेचाळीस. वर्ष पुरं झालं की क्लायंट सर्टिफिकेट देणार होता. साहेबांनी भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

"सिंपल है," ते म्हणाले. "कल गाडी भेजो, स्टोअर में कुर्सी पे बिठा दो. आया मतलब हाजिर. शुक्रवार को टाइट पट्टी बांधो. खलास."

दत्तारामचंही तेच. "सायेब, आवळून बांधा, खेळतो मी. नायतर पोरं काय म्हणतील?"

मी त्याला आधी क्लिनिकमध्ये नेलं. एक्स-रेत हाडाला चीर दिसली. डॉक्टर म्हणाले, "प्लास्टर, सहा आठवडे. यावर खेळला तर फिटरचं काम विसरा." फिटरची दिवसभर परांचीवर चढउतार. पाय गेला की व्हिसा गेला, आणि त्याचं चिपळूणचं घर त्याच्या एकट्याच्या जिवावर चालत होतं.

मला राग आला तो माझाच. रिपोर्टात सगळं लिहिलं: प्रॅक्टिस, खोटं रजिस्टर, माझं नाव.

साहेबांनी वाचलं. "पागल हो गये हो? नौकरी जायेगी तुम्हारी."

"जायेगी तो जायेगी सर. कुर्सी पे बिठाने से हड्डी नहीं जुडती."

बुधवारी बोर्ड शून्यावर आणला. नोकरी गेली नाही. वॉर्निंग लेटर मिळालं, ते रास्तच होतं. दत्ताराम दीड महिन्यानं परांचीवर परत चढला.

फायनल एक-शून्यनं हरलो. गोलही अगदी फालतू. सरळ आलेला बॉल आमच्या गोलकीपरच्या हातातून निसटला. इक्बाल त्याचं नाव, महाडचा, आमच्याकडे ग्राइंडरवर पाइप घासायचा. मी सगळ्यांदेखत त्याला झापलं, "हाताला लोणी लावून आलायस काय रे?"

शनिवारी सकाळी इक्बाल माझ्या केबिनमध्ये आला आणि त्यानं हातमोजा काढला. डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं होऊन बसलेलं. दोन महिन्यांपूर्वी पाइपखाली सापडलं होतं.

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"साहेब, तेव्हा बोर्ड दोनशे ऐंशीच्या वर होता. म्हटलं, माझ्यापायी कशाला शून्य करायचा? आता झालाच आहे, तर सांगतो."

मला त्याच्याकडे बघवेना. माफी मागितली, गाडी काढली आणि त्याच क्लिनिकमध्ये त्याला घेऊन गेलो. त्या आठवड्यात आणखी सात जण आले. कुणाचा खांदा, कुणाची बरगडी. सगळं त्याच तीनशे अठ्ठेचाळीस दिवसांतलं.

त्यानंतर मी आखातातली बरीच यार्डं पाहिली, हमरियात आणि फुजैऱ्यातही. गेटवर मोठा आकडा दिसला की मी कुणाचं अभिनंदन करत नाही. आधी माणसांना हातमोजे काढायला लावतो.