स्मरणिकेचं पान सतरा

मला पेटंट मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी हळहळलेलं मला चालत नाही.

देवासला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, माहेर धारचं. धारला भावाकडे गेले की त्याच जिल्ह्यातल्या गंधवानीच्या ऑनलाइन केंद्रातले जळलेले कॉम्प्युटर माझी वाट पाहत असायचे. तिकडे गेलेली लाइट परत येताना धड येत नाही. दोनदा येते-जाते, मग स्थिरावते. तेवढ्यात कॉम्प्युटर सुरू झाला की त्याचं काम तमाम. म्हणून मी एक सर्किट केलं. व्होल्टेज सलग वीस सेकंद स्थिर दिसलं, की मगच ते स्टार्टचं बटण आपण होऊन दाबायचं. एवढंच. पण तेवढ्यासाठी माझे दोन उन्हाळे गेले आणि घरच्यांनी मला वेड्यात काढलं.

चाललं तेव्हा मला राहवलं नाही. धारच्या आमच्या मराठी मंडळाची गणेशोत्सवात स्मरणिका निघते. जाहिराती, श्रद्धांजल्या, मोदकांच्या कृती. त्यात मी सर्किट नकाशासकट छापायला दिलं. कुणी करून पाहावं, एवढाच हेतू.

पेटंटचं मनात आलं ते नंतर. सर्टिफिकेटवर आपलं नाव, काउंटरच्या मागे फ्रेम. खोटं कशाला बोलू, मला ते फार हवं होतं. इंदूरला एक वकील गाठला. आपल्यातलाच, पण हिंदी शाळेत शिकलेला. आधी कुठे छापलंय का, असं त्याने विचारल्यावर मी कौतुकाने स्मरणिका पुढे केली. त्याचा चेहरा पडला. आधीच जगजाहीर केलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही म्हणे. मग अंक उलटसुलट करून म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. मराठीत आहे, धारचं आहे. कौन पढ़ता है? आपण दाखवूच नको."

"भिया, तू वाचत नाहीस म्हणून ते छापलंच नाही का?"

माझं डोकं फिरलं होतं. फाइल उचलली आणि देवासची बस धरली. बसमध्ये रडले, तेही सांगते.

दोन वर्षांनी त्याचाच फोन. बाहेरच्या एका कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला होता. पाहिलं तर माझंच सर्किट, फक्त वीसच्या जागी तीस सेकंद. त्यांनी चोरलं असं मी म्हणत नाही, गरज दुसऱ्यालाही पडते. पण त्यांना पेटंट मिळालं असतं, तर माझं सर्किट माझ्याच दुकानात बनवायला मला त्यांची परवानगी मागावी लागली असती. हे मी होऊ देणार नव्हते. पेटंट मिळण्याआधी विरोध कुणालाही करता येतो. मी केला. पुरावा म्हणून स्मरणिका जोडली, पान सतरा.

सुनावणी व्हिडिओवर झाली. कंपनीचा वकील म्हणाला, असल्या स्थानिक पुस्तिका लोकांपर्यंत पोहोचतात कुठे? म्हणजे इंदूरचंच वाक्य, टाय लावून आलेलं. मी म्हटलं, साहेब, धार जिल्ह्यातल्याच डही गावच्या एका मेकॅनिकने याच पानावरून सर्किट बनवलंय, त्याचं शपथपत्र सोबत आहे. मग पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि पहिल्या ओळीपासून मराठीत वाचायला लागले. सुनावणी घेणाऱ्या मुंबईच्या पेटंट कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी मला थांबवलं नाही. मध्येच त्यांनी मराठीतच विचारलं, "रिले कोणता वापरलात?"

कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. निकालपत्रात माझं नाव आहे, स्मरणिकेचं आहे, पान सतराही आहे. काउंटरच्या मागे तेच फ्रेम करून लावलंय. गिऱ्हाइकं विचारतात, पेटंट मिळालं का? मी सांगते, मला नाही, आणि कुणालाच नाही.

आता दुसरं सर्किट तयार आहे. वकील हात जोडून सांगतोय, काकू, या वेळी आधी अर्ज, मग छपाई. परवा मंडळातून फोन आला, यंदा स्मरणिकेला काही देणार का?

मी विचारलं, "पानं किती देता?"