कटचं कुळ

आमचे इंग्रजीचे सर पाचवीच्या पहिल्याच तासाला खिशातून कात्री काढायचे. कचकन कागद कापायचे आणि ओरडायचे, "कट! हा साहेबाचा शब्द नाही बे, आपला आहे! संस्कृतात 'कृत्' म्हणजे कापणं. त्याची पोरगी कात्री, अन् विलायतेले गेलेला पोरगा कट!" आम्हा अमडापूरच्या पोरांची इंग्रजीची भीती तिथंच पळाली. भाषा नात्यातलीच निघाली ना!

त्या शब्दावर त्यांचा भारी जीव. लाइट गेली की म्हणत, "पाहा, कट!" मोटारसायकलवाला अंगाला घासून गेला तर शिव्या राहिल्या बाजूला, "यानं बी कटच मारला." फलंदाजाचा कट, न्हाव्याकडचा कट, हॉटेलातला अर्धा चहाही कटच. "एवढासा शब्द, पण घरच्या सुनेसारखा साऱ्या कामाले पुरते," असं ते म्हणत. सूनबाईंनी ऐकलं असतं म्हणजे कळलं असतं!

पुढे मी खामगावात इंग्रजीची शिक्षिका झाले आणि दरवर्षी ऐटीत तेच कुळ पोरांना सांगत आले.

मागच्या हिवाळ्यात सर अचानक शाळेत आले. तोंड उतरलेलं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "नातीनं मोबाईलात पाह्यलं, मंग मी माही जाडी डिक्शनरी उघडली. कट कुठून आला, कोणालेच नक्की माहीत नाही. उत्तरेकडच्या कोण्या जुन्या बोलीतून आला असंल म्हणतात. आपल्या कृत्‌शी नातं नाही."

"जाऊ द्या ना सर, एवढं काय!"

"काऊन जाऊ द्यायचं? डिक्शनरी सारा जलम घरातच होती. आपला शब्द म्हणायले गोड वाटे, म्हणून मी तेवढं पान उघडलंच नाही. मले तुह्या वर्गात घेऊन चाल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वयात सरांनी माझ्या पोरांपुढे चूक कबूल करायची? पण ते ऐकेनात. फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "पोरांनो, कट आपल्या कृत्‌चा पोरगा, असं मी आयुष्यभर शिकवलं. ते खोटं आहे. खरं काय ते मले माहीत नाही. हे म्हणायची मले लाज वाटे." मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. पहिल्या बाकावरची पोरगी उठली. "पण सर, आमच्या मॅडमनं बी हेच शिकवलं!"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. सरच घाईघाईनं म्हणाले, "तिची चूक नाही बाई. तिले मीच शिकवलं."

मोबाईल तर माझ्याही पर्समध्ये होता, इतकी वर्षं. तरी मी मान खाली घालून उभी राहिले, आणि माझाही दोष अंगावर घेऊन सर एसटीत बसले.

उन्हाळ्यात ते वारले. चूक माझीही होती, हे त्या पोरीला मी अजून सांगितलेलं नाही. ती मला अजूनही वाकून नमस्कार करते.