शेकलेली हलगी

बार्शी सोडली आणि आमची एसटी धापा टाकत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. म्हटलं, झालं! आता ही बाई हलगी न ऐकताच विमानात बसणार.

ही बाई म्हणजे ग्लोरिया. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ती कलाकेंद्र चालवते. एका बंद पडलेल्या किराणा दुकानात नाच, चित्रं, ढोल असं सगळं चालतं. ती पुण्याला आली तेव्हा मी तिची दुभाषी होते. कळंबजवळ एका बौद्ध वस्तीत अगदी तसंच केंद्र आहे, हे उत्साहाच्या भरात मीच बोलून बसले. दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं आणि त्यासाठी कळंबहून पुण्याला परतायची संध्याकाळची शेवटची गाडी आम्हाला गाठायची होती.

"किती वेळ लागेल हो?" मी कंडक्टरला विचारलं.

"आता ते कसं सांगावं? घाई असंल तर जीप बघा," असं म्हणून तो शेंगा फोडत बसला.

जीपमध्ये ग्लोरियाला दोन म्हाताऱ्यांच्या मधे कोंबलं. एकीनं तिच्या बारीक वेण्या हातात घेऊन पाहिल्या. "लई नाद हाय की बाईला! कोण घालून देतं गं एवढ्या?" मी भाषांतर केलं. "माझी बहीण," ग्लोरिया म्हणाली, तेव्हा म्हातारीला बहिणीचं फार कौतुक वाटलं. बाहेर ज्वारीची काढणी उरकली होती, रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या. मी मात्र घड्याळ बघत होते. माझा स्वभावच तसा, काय करणार.

वस्तीच्या तोंडाशीच, विहाराला लागून, निळ्या रंगाची पत्र्याची शेड आहे. तेच केंद्र. आत पेटी, ढोलक्या, भिंतीवर मुलींनी काढलेली चित्रं. रेखाताई इथं गाणं शिकवतात. "या ताई, बाईंना हलगी ऐकवते," असं फोनवर त्यांनीच सांगितलं होतं. हलगी, म्हणजे गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवायचं चामड्याचं वाद्य. त्यांना केंद्रात बायकांचा हलगीचा वर्ग काढायचा होता. पण केंद्र उभं केलं त्यांच्या सासऱ्यांनी, नानांनी, आणि त्यांना हे विचारायचं धाडस रेखाताईंना अजून झालेलं नव्हतं. हे मला तिथं पोचल्यावर कळलं! मी कपाळाला हात लावला.

जेवायला भाकरी आणि येसराची (धान्य न् मसाले भाजून केलेल्या पुडीची) आमटी होती. ग्लोरियाला सणसणीत ठसका लागला. "पाणी द्या बाईला," नाना हसले, "आमच्या तिखटानं अमेरिका हरली!" मग त्यांनी केंद्रातली एकुलती एक धड खुर्ची तिला बसायला दिली.

रेखाताई मागच्या अंगाला गेल्या. थोड्या वेळानं धुराचा वास आला. कडबा पेटवून त्या हलगी शेकत होत्या, कारण चामडं तापून ताणल्याशिवाय ती बोलत नाही. वासावरूनच नानांनी ओळखलं.

"कुणी आणली ही इथं?"

"म्या आणली, नाना." रेखाताई हलगी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "बायकांना शिकवीन म्हणते."

"ह्या जागेत न्हाय. माझ्या बापानं धर्मांतर केलं त्या दिवशी हलगी चुलीत घातली. गावातनं बोलावणं आलं की हातातला घास टाकून पळावं लागायचं त्याला."

मी हळू आवाजात ग्लोरियाला सांगत होते. ती म्हणाली, "गुलामगिरीत आमच्या पूर्वजांचे ढोल मालकांनी हिसकावून घेतले होते." मी ते नानांना सांगितलं.

"त्यांचे हिसकावले, अन् आमच्या गळ्यात अडकवली," नाना म्हणाले. बाहेर ऊन कलत होतं, गाडीची वेळ होत आली होती आणि हलगी गार पडत होती.

रेखाताईंनी हलगी छातीशी धरली. "आज्याला बोलावणं यायचं, नाना. मला कुणी बोलावलं न्हाय. म्या माझ्या मनानं वाजवते."

नानांनी त्यांच्या हातातल्या हलगीकडं पाहिलं. मग म्हणाले, "गार पडली आसंल. शेकून आण परत."

रेखाताई परत आल्या आणि सवयीनं भिंतीशी उभ्या राहिल्या. नाना ग्लोरियाकडं वळले. "बाई, उठा जरा." पाहुणीलाच उठवलं! ती खुर्ची त्यांनी शेडच्या मधोमध ठेवली.

"माझा बाप जल्मभर उभ्यानं वाजवत गेला, पाटलाच्या दारात. तू बसून वाजव. आमी बसतो खाली."

नाना सतरंजीवर बसले. त्यांच्या शेजारी ग्लोरिया, मी, पाहुणीला बघायला जमलेली सगळी वस्ती बसली. हलगी कडाडली तशी मला रडूच फुटलं. लाज कसली त्यात! शेवटची गाडी गेली ती गेलीच. आम्ही कळंबहून भाड्याची गाडी करून पुण्याला आलो.

ग्लोरिया तिच्या घरी पोचली. रेखाताईंचा वर्ग सुरू झाला. माझं मात्र काहीतरी बिनसलंय. पूर्वी वरातीत हलगी वाजली की माझे पाय आपोआप नाचायचे. परवा आमच्या गल्लीत वरात थांबली, तर मी घरातली खुर्ची उचलून खाली उतरले आणि हलगीवाल्यापुढं ठेवली. "दादा, बसून वाजवा."

तो आधी हसला. मग नवरदेवाच्या माणसांकडं बघून हळूच म्हणाला, "बसलो तर उद्या कोण बोलवंल, ताई?"